आमचा दात निघत नाही!

हे वाक्य माझ्या लॅबच्या दारावर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, हातभर उंचीच्या अक्षरांत. पेंटरला शेवटचं उद्गारचिन्ह नको होतं. "मनिषभाऊ, जागाच नाही उरली," म्हणत होता. मी म्हटलं, "अक्षरं बारीक कर, पण ते चिन्ह पाहिजे म्हणजे पाहिजे!" कारण माझी सगळी ऐट त्या चिन्हात होती. सोळा वर्षं झाली, भंडाऱ्यातल्या माझ्या लॅबमधून गेलेला एकही दात निखळून परत आलेला नाही. एकही नाही!

दातांची लॅब म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुमच्या तोंडात दात बसवतात ते डॉक्टर. पण तो दात घडवतो मी. लग्नात आचारी जसा मंडपाच्या मागे असतो, तसा मी. जेवण झाल्यावर सगळे यजमानाचं कौतुक करतात आणि आचाऱ्याला कोणी ओळखत नाही. म्हणून मग मी स्वतःच स्वतःचं कौतुक दारावर रंगवून घेतलं. त्यात काय चुकलं?

आता धंद्यातलं गुपित सांगतो. लोकांना वाटतं, दात पक्का बसतो तो चांगल्या डिंकामुळे. साफ चूक! डिंक डॉक्टरकडे असतो आणि तो सगळ्यांचा सारखाच. खरी करामत आहे ती जागा तयार करण्यात. नव्या कोऱ्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल नखाने सुटून येतं, पण जुन्या लाकडी फळीवर चिकटवलेला कागद फाटतो तरी निघत नाही. दाताचंही तेच. बाहेरून तो चकचकीत हवा, पण आतून, म्हणजे जिथे चिकटवायचा तिथे, खरखरीत पाहिजे. चिनीमातीचा असेल तर आतून तेजाब लावायचं. धातूचा असेल तर बारीक वाळूचा जोरदार फवारा मारायचा. मग आतली चमक मरते आणि धातू राखेसारखा निस्तेज दिसतो. आणि एकदा फवारा मारला, की त्या जागेला बोट लावायचं नाही! बोट लागलं की बोटाचं तेल लागलं, तेल लागलं की पकड गेली. हे मी सोळा वर्षं येईल त्याला समजावत आलो आहे.

एका माणसाला समजावायचं तेवढं राहून गेलं. माझे सासरे, केशवराव.

मामाजी भंडाऱ्याच्या पितळेच्या कारखान्यात चाळीस वर्षं होते. पहिली दहा वर्षं कल्हई, पुढची तीस वर्षं पॉलिश. आमच्या जिल्ह्यात कितीतरी घरांतल्या पाण्याच्या गुंडांवर, परातींवर आणि समयांवर त्यांचा हात फिरलेला आहे. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला माझ्या लॅबमध्ये येऊन बसले. तेव्हापासून रोज येतात. कोपऱ्यातली खुर्ची त्यांची, खिडकी त्यांची, पेपर त्यांचा आणि मतंही त्यांचीच.

"जवाईबापू," एखादा दात चिमट्यात धरून ते विचारायचे, "हे आतून काहून असं मळकट दिसून राहिलं?"

"तसंच असतं, मामाजी," मी कामातून मान वर न करता म्हणायचो.

"आमच्या कारखान्यातून अशी वस्तू बाहेर गेली असती न, तर मालकानं मलेच मोठ्या पितळी गंजात बसवून वरून कल्हई केली असती!"

मी हसायचो. दोन वर्षं नुसता हसत राहिलो. एकदा तरी हातातलं काम ठेवून नीट सांगायला हवं होतं, पण सासऱ्याला शिकवायचं म्हणजे अवघड काम असतं. तिथेच सगळं बिनसलं.

सप्टेंबरच्या शेवटी साकोलीहून शुभांगी मॅडमचा फोन आला. या दातांच्या डॉक्टर, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी एका मुलीला दाताचा रंग जुळवायला माझ्याकडे पाठवलं. मुलीचं नाव रीना. साकोलीजवळच्या गावची, वय बावीस, डोळे हुशार, आणि तोंडावर हात.

"हात काढ की जरा," मी म्हटलं.

तिने काढला. वरचा समोरचा एक दात गायब!

"सायकलवरून पडली, दादा. रानडुक्कर आडवं आलं," तिने सांगितलं आणि हात परत तोंडावर. "गुरुवारी गाइडची निवड हाये. ऑक्टोबरात नागझिऱ्याचं जंगल उघडते न, त्याच्यासाठी. धा मिनिटं सायबांसमोर बोलून दाखवाचं. मले जंगलातलं सारं पाठ हाये. लहानपणापासून बाबासंग फिरली मी. पन असं हात धरून बोलली, तर कोन घेईन मले? अन् हात काढला, तर 'अस्वल' म्हणतानी शिट्टी वाजते. लोक अस्वल सोडून वर झाडावर पाखरू शोधतीन!"

हे सांगताना ती स्वतःच हसली, आणि हसताना दुसराही हात तोंडावर गेला. मला फार वाईट वाटलं. मनुष्याला हसायला दोन हात लागावेत, ही काय गोष्ट झाली?

"रीना," मी छाती पुढे काढून म्हटलं, "दारावर काय लिहिलं आहे ते वाचलं?"

"वाचलं, दादा."

"हा दात निघाला, तर ती पाटी मी माझ्या हाताने पुसून टाकीन!"

कोपऱ्यातून मामाजींनी पेपर खाली केला. "जवाईबापू, एवढं मोठं नोका बोलू," ते म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

रीनाचे शेजारचे दोन्ही दात धडधाकट होते, ते कोरायचे नव्हते. म्हणून मॅडमनी पंखांचा दात सांगितला होता. मधे चिनीमातीचा पांढरा दात आणि त्याला दोन बाजूंना धातूचे दोन पातळ पंख, नखाएवढे. ते पंख शेजारच्या दातांच्या पाठीला चिकटवायचे. खिळा नाही, टोपी नाही, सगळा भार चिकटण्यावर! म्हणजे पंखांची आतली बाजू हीच खरी परीक्षा होती.

मी जीव ओतून काम केलं. सोमवारी दात तयार झाला. पंखांवर आतून वाळूचा फवारा मारला, दात डबीत ठेवला आणि साकोलीची बस किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर गेलो. आलो, डबी बंद होती, ती कागदात गुंडाळून ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिली. काम फत्ते!

मंगळवारी सकाळी मॅडमचा फोन.

"मनिषभाऊ, पंख आतून आरसा करून पाठवले का? मला त्यात माझं कानातलं दिसतंय!"

मी हळूच मागे वळून बघितलं. मामाजी खुर्चीत बसून चहा पीत होते. समोर माझी पॉलिशची मोटार होती आणि तिच्यावरचा कापडी गोळा काळा झालेला होता.

"पाह्यलं का, जवाईबापू?" मामाजी गालातल्या गालात हसत म्हणाले. "तुम्ही बस पाहाले गेलते न, तेवढ्यात करून टाकलं. लय कडक धातू हाये, पितळेचा बाप! अर्धा घंटा लागला. पोरीचं काम हाये म्हटलं, उगा मळकट कायले पाठवाचं?"

माझ्या ओठांवर जे काही आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात माझी बायको डिंपल डबा घेऊन दारात आली.

"अजी, बाबानं एवढी मेहनत केली, काही बोला न!" ती कौतुकाने म्हणाली.

तुमचं लग्न झालं असेल तर तुम्हाला माझी अवस्था कळेल. समोर सासरा, दारात बायको, हातात फोन आणि फोनवर डॉक्टर!

"फार सुंदर, मामाजी!" मी म्हटलं. "डोळे दिपले!"

मामाजींचा चेहरा असा काही फुलला की बस्स. मी मॅडमना हळू आवाजात दात परत पाठवायला सांगितलं. दुपारच्या बसने तो आला. मी पुन्हा फवारा मारला, चमक घालवली, दात डबीत ठेवला. आणि भूक लागली होती म्हणून मागच्या खोलीत जेवायला बसलो. वीस मिनिटं. फक्त वीस मिनिटं!

बाहेर आलो तर मोटार थांबल्याचा आवाज येत होता.

"कालच्यापेक्षा भारी!" मामाजींनी दात माझ्या डोळ्यांसमोर धरला. "तुमाले आवडलं म्हणून आता डबल हात मारला. पाहा, पंखात भिंतीवरच्या घड्याळातला टाइम दिसून राहिला!"

खरंच दिसत होता. तीन वाजून दहा मिनिटं. काटे उलटे फिरत होते तेवढंच.

आणि मग माझा तोल गेला. "मामाजी, हात कायले लावता तुम्ही माझ्या कामाले? सत्यानाश केला! दोन दिवसांपासून सत्यानाश करून राहिले! बसायचं तर गप बसत जा न!"

मामाजींनी दात अलगद डबीत ठेवला. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. चपला घातल्या.

"चाळीस वर्षांत मले कोनी असं नाई बोललं, जवाईबापू," ते म्हणाले आणि निघून गेले. पेपर खुर्चीवर तसाच राहिला.

संध्याकाळी मी तिसऱ्यांदा फवारा मारला. मन लागत नव्हतं. घरी गेलो तर डिंपलने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि एकच वाक्य बोलली.

"बाबा जेवले नाहीत."

त्यानंतर ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. सासऱ्याची पॉलिश परवडली, पण बायकोचा अबोला नको, असं मला त्या रात्री अनेकदा वाटलं.

बुधवारी सकाळी आठला मी त्यांच्या घराजवळच्या टपरीवरून चार गरम आलुबोंडे घेतले आणि दारात जाऊन उभा राहिलो. कान धरायचेच काय ते बाकी ठेवले. मामाजी मोठ्या मनाचे. "चला," एवढंच म्हणाले आणि चपला घालून माझ्याबरोबर लॅबमध्ये आले. तिथे मी त्यांना पहिल्यांदा, दोन वर्षांत पहिल्यांदा, सगळं समजावून सांगितलं. पंख, दाताची पाठ, डिंक, खरखर.

मामाजींचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हंजे हे चिपकवाचं हाये?"

"मग?"

"अरे बापा! मले वाटलं, थे खिट्टीवानी खाचेत अटकते! दोन वर्षं मी इथं बसून राहिलो, मले सांगतलं काहून नाई? चिपकवाचं म्हंजे तर चमक नोकोच! हे तर आमच्या कल्हईसारखं झालं!"

"झालं ना? मग हे बघा, अशी खरखर लागते," मी उत्साहाने म्हटलं. डाव्या हातात आलुबोंडा होता, तो उजव्या हातात घेतला, मग परत डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताने दात उचलून दोन्ही पंखांवर अंगठा फिरवून दाखवला. "बघा! करर करर! तुम्ही फिरवून बघा बोट!"

मामाजींनी आपला हात झटकन पाठीमागे नेला. "जवाईबापू, पन तुमचा थो..."

"आता पण नाही नि बिण नाही, मामाजी! बस सुटेल!" मी दात डबीत टाकला. "आज मी स्वतः घेऊन जातो. तुम्हीही चला. तुमच्या डोळ्यांसमोर दात बसेल!"

बसमध्ये ते दोनदा काहीतरी बोलायला गेले. दोन्ही वेळा मी त्यांना धीर दिला की झालं गेलं विसरून जा.

साकोलीला शुभांगी मॅडमनी डबी उघडली, पंख उजेडात धरले आणि मान हलवली. "आता बरोबर आहे. आतून कोणाचं बोट नाही ना लागलं? माझं साफ करायचं छोटं यंत्र नागपूरला दुरुस्तीला गेलंय. इथे मला काही करता येणार नाही."

"मॅडम, आज मी स्वतः पहारा दिला आहे!" मी सांगितलं.

मामाजी मोठ्याने खाकरले.

"खोकला आहे त्यांना," मी मॅडमना म्हटलं.

दात बसला. मॅडमनी रीनाच्या हातात आरसा दिला. ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग हळूहळू हसली. हात गुडघ्यावरच होते, दोन्ही! मला एकदम भरून आलं. मामाजी उपरण्याने डोळे पुसत होते, पण आमच्यात असं काही बोलायची पद्धत नाही, म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत बाकावर बसून चहा मागवला.

तिथेच रीना उद्याचा सराव करायला लागली. आमच्यासमोर उभी राहिली, एक हात डावीकडच्या कपाटाकडे, एक उजवीकडच्या कॅलेंडरकडे.

"नमस्कार! नागझिऱ्यात आपलं स्वागत हाये! उजव्या हाताले जे मोठं झाड दिसते, थो अर्जुन. त्याच्या सालीवर जे ओरखडे हायेत, थे अस्वलाचे. अस्वल जेव्हा..."

दुसऱ्या अस्वलाला दात सुटला. हवेत एक छोटी गिरकी घेतली आणि मामाजींच्या कपात पडला. डुबुक!

मामाजी कपात बघत होते. मी मामाजींकडे बघत होतो. रीनाचे दोन्ही हात तोंडावर होते आणि त्यांच्यावर दोन डोळे भरून आले होते.

"मी नाई जात उद्या," ती हातांच्या आडून म्हणाली. "राहू द्या, दादा. मी नाई जात."

आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला त्या मुलीला धीर द्यायचं सुचलं नाही. मला माझी पाटी दिसत होती!

"मामाजी!" मी ओरडलो. "तुम्ही परत पॉलिश मारली! डबी कधी उघडली तुम्ही? बसमध्ये?"

मॅडम आतून धावत आल्या. मामाजींनी चमच्याने दात बाहेर काढला, बशीत ठेवला आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"जवाईबापू, मी डबीले शिवलो नाई. सकाळी तुम्ही आलुबोंडा खाता खाता त्याच पंखावर अंगठा फिरवला. एक डाव नाई, दोन डाव. तेल चमकून राहिलं होतं अंगठ्यावर. मी बोलाले गेलो, तुम्ही बोलू नाई देलं. बसमंधी बोलाले गेलो, तुम्ही म्हणलं विसरून जा. इथं खाकरलो, तर तुम्ही मले खोकला लावून देला."

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. नखाच्या कडेला अजून थोडं पिवळं बेसन होतं.

"कल्हई करतानी आम्ही भांडं घासून घेतलं, की आतून बोट लावू देत नव्हतो," मामाजी पुढे म्हणाले. "मालकालेबी नाई! बोट लागलं तेवढ्या जागी कथील धरत नाई. ठिपका राहून जाते. दिसते लगेच, कोनाच्या बोटाचा हाये थे."

"मॅडम," मी क्षीण आवाजात म्हटलं, "सोळा वर्षांत माझा पहिला दात निघाला हो!"

शुभांगी मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मामाजींकडे. मग त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलतात तेव्हा त्या खरं बोलतात.

"मनिषभाऊ, गेल्या एका वर्षातच सहा निघाले होते."

"सहा?"

"परत आले नाहीत, कारण मी परत पाठवलेच नाहीत. छोट्या यंत्राने इथेच साफ करून लावले. तुम्हाला फोन केला, की तुम्ही पाऊण तास खरखरीवर भाषण देता. पेशंट ताटकळून बसतात."

सहा! एका वर्षात! मी सोळाने गुणायला लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो. काही हिशेब न केलेलेच बरे असतात. मला वाटलं, इथल्या इथे खुर्चीत बसावं आणि मॅडमना सांगावं की माझेच सगळे दात काढून टाका.

पण मामाजी उठले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला बांधलं. तीस वर्षांचा पॉलिशवाला बाजूला सरला आणि आतला कल्हईवाला उभा राहिला!

"पोरी, इकडं पाह्य," ते रीनाला म्हणाले. "आता दीड वाजला. आम्ही भंडाऱ्याले जातो, अन् सहाच्या आत हा दात घेऊन येतो. उद्या सकाळी तू दोन्ही हात हालवून बोलशीन. हा केशव सांगून राहिला तुले. अन् मी पाट्या रंगवत नाई, बरं!"

रीनाला हसू आलं. हातांच्या आड, पण आलं.

भंडाऱ्याला पोचेपर्यंत मामाजींनी मला सूचना दिल्या. लॅबमध्ये शिरताच आधी साबणाने हात धुवायला लावले. एकदा नाही, तीनदा. मी फवाऱ्याच्या पेटीत दात चिमट्याने धरला. वाळू सुटली, जुना डिंक गेला, तेल गेलं, पंख पुन्हा राखेसारखे झाले. मग मी सवयीप्रमाणे दात तोंडाजवळ नेला आणि धूळ उडवायला गाल फुगवले.

"थांबा!" मामाजी इतक्या जोराने ओरडले की चिमटा सुटता सुटता राहिला. "हे काय करून राहिले?"

"धूळ उडवतोय."

"तोंडानं? थुंकी उडते न त्याच्यावर! असं रोज करता?"

मी गाल खाली सोडले. सोळा वर्षं मी प्रत्येक दातावर अशीच फुंकर मारत आलो होतो. इतकी सवय, की ती फुंकर मारतो हेही माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि मामाजी तरी ती कधी बघणार? फवाऱ्याची पेटी आतल्या खोलीत आणि ते बाहेर खुर्चीत!

"तरीच सहा," मामाजी हळूच म्हणाले. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. एका कारागिराला दुसऱ्याची चूक सापडली, की तो जसा गंभीर होतो तसे ते गंभीर झाले होते.

भिंतीवर हवेची नळी होती, कोरड्या स्वच्छ हवेची. ती मी याच कामासाठी घेतली होती आणि तिच्यावर माझा रुमाल वाळत होता. त्या नळीने धूळ उडवली. डबी आतून पुसली, दात चिमट्यानेच ठेवला आणि झाकण लावलं. डबी मामाजींनी घेतली. मला हातही लावू दिला नाही. लाखनीला बसमध्ये गर्दी चढली. एका बाईने विचारलं, "बाबाजी, परसाद हाये का?" मामाजी म्हणाले, "त्याच्याहून नाजूक हाये, बाई. धक्का नोको मारू."

पावणेपाचला आम्ही दवाखान्यात. मॅडम डबी घ्यायला पुढे आल्या, तर मामाजी एक पाऊल मागे सरले.

"मॅडम, नवे हातमोजे घातले का?"

"घातले हो, बाबा!"

"कपाळाले लागला आत्ता तुमचा हात. बदला."

शुभांगी मॅडमनी निमूटपणे हातमोजे बदलले. मी त्यांना सोळा वर्षांपासून ओळखतो, पण त्यांना कोणाचं असं ऐकताना मी पहिल्यांदा बघितलं. मामाजी दारात उभे राहून सगळं बघत होते. मॅडमनी पंखांवर औषध लावलं, डिंक लावला, दात बसवला, डिंक घट्ट व्हायला निळा उजेड दिला. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कुठे चुकून लागायला नकोत!

मॅडमनी तासभर बसवून ठेवलं. मग रीना बाहेर आली आणि तेच कपाट, तेच कॅलेंडर.

"सालीवर जे ओरखडे हायेत, थे अस्वलाचे," ती म्हणाली. आम्ही श्वास धरला. मामाजींनी कप बाजूला ठेवला, हो, उगाच कशाला! "अस्वल जेव्हा मधासाठी झाडावर चढते, तेव्हा सरळ चढते. उतरतानी सरकत येते."

अस्वल चढलं, उतरलं, परत चढलं. दात जागेवरच होता! रीनाने तीच ओळ अकरा वेळा म्हटली. दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांना अस्वलाची पूर्ण माहिती झाली.

गुरुवारी दुपारी साडेबाराला लॅबमधला फोन वाजला. मी घेतला, पण पलीकडून आवाज आला, "दादा, आधी आजोबाले द्या!" मामाजींनी फोन कानाला लावला. काही वेळ नुसते "हो, हो" म्हणत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"झाली निवड. सायबानं इचारलं म्हणे, एवढे हात हालवून काहून बोलते? पोरगी म्हणे, लय दिवस बांधून ठेवले होते, सायेब."

मलाही खिडकीकडे बघावंसं वाटलं. आम्ही दोघं थोडा वेळ खिडकीतून समोरचा विजेचा खांब बघत राहिलो.

मग मी रॉकेलचा डबा आणि फडकं घेऊन दाराबाहेर आलो. शब्द म्हणजे शब्द! दात निघाला होता, पाटी पुसायची होती. फडकं 'आमचा'वर टेकवलं, तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं.

"पुसू नोका, जवाईबापू. चांगली अक्षरं हायेत. मंधात एक शब्द बसते."

त्यांनी पेंटरला बोलावून घेतलं. पेंटरने पाटी मापली, डोकं खाजवलं आणि काम केलं. आता तुम्ही भंडाऱ्याला आलात, तर माझ्या दारावर वाचायला मिळेल: 'आमचा दात सहसा निघत नाही'.

जागा कमी पडली, म्हणून उद्गारचिन्ह तेवढं काढावं लागलं.